गदा आहे, कागद नाही

रविवारची सकाळची मेहनत आटोपली, की कोल्हापुरातल्या एका जुन्या तालमीशेजारच्या खोलीत पैलवान जमू लागतात. वय तिशीच्या आसपास, कान मोडलेले, कुणाचा गुडघा गेलेला, कुणाचा खांदा. समोर सतरंजीवर एक निवृत्त क्रीडाशिक्षक बसलेले असतात. एके काळी तेही खासबागेच्या कुस्ती मैदानात लढलेले. कुस्ती सुटलेल्या मल्लाला पुढच्या कामाला लावायचं, हे त्यांनी आपणहून अंगावर घेतलं आहे. कोपऱ्यात बसून मी ते पाहत आलो आहे.

मातीतली कुस्ती हा पूर्णवेळचा धंदा आहे. सुगी झाली की जत्रांची मैदानं सुरू होतात, जोड ठरते, इनाम ठरतं. काही साखर कारखाने मानधन देतात. तरीही दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण या खुराकात घरची म्हैस आणि बापाचं उसाचं बिल जातंच. मग एका मैदानात गुडघ्याचं लिगामेंट तुटतं आणि जत्रा कमिटीचे फोन बंद होतात.

“तुला काय येतं?” सर विचारतात.

“कुस्ती.”

“आणि?”

“आणि काय बी न्हाई, सर.”

सर पुढे विचारत राहतात. लहान पोरांची मेहनत कोण घेतं? “मीच.” मेसचा बाजारहाट? “मीच बघतो.” कमिटीशी इनामाचं कोण बोलतं? पोरगा पडला, खांदा निखळला, तर दवाखान्यात कोण नेतं? उत्तरं तीच येत राहतात, आणि सर ती वहीत उतरवतात. मग वही फिरवून पैलवानापुढे धरतात. वर्षानुवर्षं पंचवीसभर पोरांना शिकवणारा, त्यांचा हिशेब ठेवणारा माणूस त्या पानावर दिसतो. वाचताना बहुतेकांची मान खाली जाते. स्वतःकडे असं कुणी पाहिलेलंच नसतं.

खरी दमछाक कागदांपाशी होते. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची हवी, आणि ठरावीक स्तरावरची. इथेच घरं भरून गदा असलेले मल्ल अडतात. जत्रेतली गदा, रोख इनाम, हलगीच्या कडकडाटात निघालेली मिरवणूक यांची त्या अर्जात नोंदच होत नाही. ज्यांची प्रमाणपत्रं चालतात, त्यांचीही ट्रंकेत ओल लागून शाई उतरलेली. एकाच्या प्रमाणपत्रावर गावातलं लाडकं नाव, आधारकार्डावर पाळण्यातलं. दोघं एकच आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला, संघटनेचं पत्र. सर एकेक कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात, वर यादी चिकटवतात. ज्याच्याशी भिडायला समोरचे घाबरायचे, तो कार्यालयाच्या खिडकीशी गप्प उभा राहतो, म्हणून बोलायचं काय याची तालीमही ते करून घेतात.

कोल्हापूरला हे दुखणं नवं नाही. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकलं. त्यांना पाठवण्यासाठी त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले होते. ते फेडायला परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं. पोलिसात फौजदाराची नोकरी मिळाली ती 1955 साली. ऑलिंपिकवीराची ही कथा, तर जत्रेतल्या मल्लाने कुणाकडे पाहावं? अलीकडे राहुल आवारे, विजय चौधरी यांच्यासारखे मल्ल थेट पोलीस उपअधीक्षक झाले याचा मला मनापासून आनंद आहे. पण ती जागा शिखरावरच्या मोजक्यांसाठी. खालच्या शेकडोंसाठी सरांची वहीच आहे.

मॅटवर खेळलेल्यांना सर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या प्रशिक्षक अभ्यासक्रमाचं सांगतात. कुणी जिममध्ये लागतो, कुणी शाळेत. खणखणीत आवाजाच्या एकाला त्यांनी मैदानाचं निवेदन करायला उभं केलं.

नोकरीइतकाच वेळ ते खुराकावर घालवतात, आणि मला वाटतं इतर कुठल्याच करिअर मार्गदर्शनात हा विषय निघत नसेल. हजार बैठका थांबतात, पण भूक आणि सवय थांबत नाही. वर्षभरात पोट सुटतं, श्वास लागतो, माणूस चारचौघांत यायला कचरतो. म्हणून तूप किती, दूध किती, चालायला किती वाजता, हे वहीच्या मागच्या पानावर लिहिलं जातं. बायको किंवा आई सोबत आली, तर ते पान तिच्या हाती.

हे सगळं गुडघा गेल्यावर सुरू होतं, हेच चुकतं; तोवर शिक्षण मागे पडलेलं असतं. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने 29 ऑगस्ट 2024 रोजी निवृत्त खेळाडूंसाठी ‘रीसेट’ हा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. त्यात 20 ते 50 वयाच्यांना संधी आहे, आणि बारावी झालेले व न झालेले असे दोन गट आहेत. सरांकडे येणारे बरेचसे दुसऱ्या गटातले. दहावीच्या वर्षी तालमीत आले, ते शाळेत परत गेलेच नाहीत.

म्हणून आता सरांनी तालमीच्या वस्तादांना गाठलं आहे. वस्ताद आधी तयार नव्हते; पोरांचं लक्ष मातीतून उडेल, ही त्यांची भीती होती, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. पण पावसाळ्यात मैदानं बंद असतात, संध्याकाळी पोरांना वेळ असतो. त्या दिवसांत शाळा सुटलेल्या पोरांचे बाहेरून परीक्षेला बसण्याचे 17 नंबरचे फॉर्म भरायला वस्ताद राजी झाले. यंदा फोटो कमी पडले, तेव्हा त्यांनी स्वतःच पोरांना स्टुडिओत धाडलं, लंगोटावर नव्हे, शर्ट घालून.