पितळेवरील नाव आणि ताऱ्यांची साक्ष

लग्नात मुलीला दिलेल्या पितळी भांड्यांवर नाव घालण्याची चाल महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या होती. माळ्यावरचा असा एखादा तांब्या खाली काढला, म्हणजे बारीक ठिपक्यांनी कोरलेले नाव आणि सन वाचून तो कोणाचा व केव्हाचा हे कळते. तो घडविला कोणी, हे मात्र कळत नाही. कारण ते नाव धन्याचे असते, कारागिराचे नव्हे. जुन्या वस्तूंची ओळख पटविणाऱ्या अभ्यासकाला हा भेद सर्वांत आधी ध्यानात घ्यावा लागतो.

सुताराच्या जुन्या हातकरवतीचे उदाहरण घेऊ. हेन्री डिस्टन यांनी १८४० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी करवतींचा कारखाना काढला. या कारखान्याच्या करवतींच्या लाकडी मुठीवर पितळेचा वाटोळा बिल्ला असे आणि त्यावर पेढीचे नाव असे. १८६५ साली डिस्टन यांनी एका मुलास भागीदार केले आणि नावात मुलाची भर पडली. १८७१ पासून त्या एका मुलाच्या जागी ‘मुलगे’ असे अनेकवचन आले. म्हणून बिल्ल्यावर एकाच मुलाचा उल्लेख असेल, तर करवत साधारणपणे या सहा वर्षांतील समजावी. मुठीच्या लाकडात ठोकलेले दुसरे एखादे नाव बहुधा ती वापरणाऱ्या सुताराचे असते. घराण्याची वाढ अशी वस्तूवर नोंदली गेली, म्हणजे ती काळाची खूण होऊन बसते. हीच गोष्ट त्यापूर्वी दोन शतके आपल्या देशात कशी घडली, हे जयपूर येथे पाहावयास मिळते.

यंत्रराज

सवाई जयसिंहांनी १७२७ साली जयपूर वसविले. तेथील वेधशाळेतील दगडी व चुनेगच्ची यंत्रे सर्वांच्या परिचयाची आहेत. परंतु जयसिंहांनी धातूची यंत्रेही जमविली होती. त्यांपैकी महत्त्वाचे यंत्र म्हणजे अ‍ॅस्ट्रोलेब. महेंद्र सूरी यांनी १३७० साली फिरोजशहा तुघलकाच्या आश्रयाने या यंत्रावर संस्कृत ग्रंथ लिहिला आणि त्याला ‘यंत्रराज’ हे नाव दिले.

हे यंत्र म्हणजे पितळेत बसविलेला आकाशाचा सपाट नकाशा होय. एका खोलगट तबकडीत पातळ पत्रे बसतात. प्रत्येक पत्र्यावर विशिष्ट अक्षांशाच्या स्थळी दिसणाऱ्या क्षितिजाच्या व उन्नतांशांच्या रेषा कोरलेल्या असतात. त्यांवर कातरकाम केलेली एक जाळी फिरते. तिच्या अणकुचीदार टोकांपैकी प्रत्येक टोक एकेका ताऱ्याचे स्थान दाखविते. पाठीमागील फिरत्या पट्टीने सूर्याची अथवा ताऱ्याची उंची मोजावी, जाळी त्या उंचीवर आणून ठेवावी, म्हणजे वेळ कळते.

लाहोरचे घराणे

मोगल काळात लाहोर येथे अ‍ॅस्ट्रोलेब घडविणारे एक विख्यात घराणे होते. अल्लाहदाद हा त्याचा मूळ पुरुष; त्याचे १५६७ सालचे एक यंत्र हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात आहे. त्याचा मुलगा मुल्ला ईसा, ईसाचे मुलगे काइम मुहम्मद व मुहम्मद मुकीम, आणि काइमचा मुलगा झियाउद्दीन मुहम्मद. या चार पिढ्यांनी घडविलेली शंभराहून अधिक यंत्रे आज जगभरच्या संग्रहांत विखुरलेली आहेत.

हे कारागीर यंत्रावर नुसते नाव कोरून थांबत नसत. बापाचे, आजाचे, पणजाचे नाव ओळीने लिहून ते शेवटी आपले गाव सांगत. त्यामुळे सन झिजून गेला असला, तरी नावांच्या साखळीवरून यंत्र कोणत्या पिढीचे आहे हे ठरविता येते. करवतीच्या बिल्ल्यावर एका मुलाचे ‘मुलगे’ झाले, तशीच ही साखळी पिढीगणिक लांबत गेली.

जयपूरच्या संग्रहात झियाउद्दीनने घडविलेले एक दुर्मिळ यंत्र आहे. अकराव्या शतकात स्पेनमधील टोलेडो येथे होऊन गेलेल्या अल्‌-झरकाली या ज्योतिषाच्या पद्धतीचे हे यंत्र कोणत्याही अक्षांशावर चालते. त्याला निरनिराळे पत्रे लागत नाहीत. त्याचा सन हिजरी १०९१ आहे. हिजरी वर्ष चांद्र, म्हणजे सुमारे ३५४ दिवसांचे असते. म्हणून त्या आकड्यास ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावे, म्हणजे इसवी सन मिळतो. उत्तर १६८० येते: शिवछत्रपतींच्या निधनाचे वर्ष. त्या वेळी जयसिंहांचा जन्मही झाला नव्हता. यंत्र जयपुरास आहे, एवढ्यावरून ते जयपूरचे ठरत नाही, हे येथे स्पष्ट होते.

खास जयपूरची यंत्रे वेगळ्या खुणांनी ओळखता येतात. त्यांवर नागरी अक्षरे असतात आणि पुष्कळदा २७ अंश अक्षांशाचा एकच पत्रा असतो, कारण जयपूर त्याच अक्षांशाजवळ आहे. आग्राही जवळपास त्याच अक्षांशावर असल्याने ही खूण एकटी पुरेशी नाही. तिला लिपीची आणि सनाची जोड मिळावी लागते. सन विक्रम संवताचा असेल तर ५७ वजा करावे; शकाचा असेल तर ७८ मिळवावे.

नाव खोटे असेल तर?

प्रसिद्ध कारागिराच्या नावाला बाजारात मोल असते, आणि जेथे मोल तेथे नक्कल. इराणमधील इस्फहान येथील अब्दुल आइम्मा हा अठराव्या शतकाच्या आरंभीचा नामांकित कारागीर. त्याचे नाव धारण करणाऱ्या काही यंत्रांची ओवेन जिंजरिच, डेव्हिड किंग आणि जॉर्ज सलीबा यांनी छाननी केली आणि १९७२ साली ती बनावट असल्याचे दाखवून दिले. सही हुबेहूब वठविता येते. परंतु रेषा व तारे गणिताप्रमाणे बसविण्यास यंत्राचे ज्ञान लागते.

ताऱ्यांची साक्ष आणखीही एका प्रकारे घेता येते. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे मंद गतीने डोलतो. त्यामुळे संपातबिंदू सरकतो आणि ताऱ्यांचे भोगांश सुमारे ७२ वर्षांत एक अंशाने वाढतात. यालाच संपातचलन म्हणतात. मघा नक्षत्राच्या योगताऱ्याचा सायन भोगांश आज सुमारे १५० अंश आहे; १६८० साली तो १४५ अंशांच्या थोडा पुढे होता. जाळीवरील टोकांचे भोगांश मोजून यंत्राचा काळ अजमाविता येतो, तो याच आधारावर.

तथापि या साक्षीलाही मर्यादा आहेत. वीतभर रुंदीच्या यंत्राच्या कडेवर एक अंश म्हणजे जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. टोक किंचित वाकले, तर पन्नास वर्षांची चूक सहज होते. शिवाय कारागीर स्वतः तारे मोजत नसे. तो एखाद्या जुन्या कोष्टकावरून ते घेत असे. समरकंदच्या उलुग बेगच्या वेधशाळेतील १४३७ सालचे कोष्टक फार प्रसिद्ध होते. त्यातील आकडे कोणी न सुधारता उतरून घेतले, तर सतराव्या शतकातील यंत्रही ताऱ्यांवरून पंधराव्या शतकाचे भासेल. म्हणून नाव, सन, लिपी, अक्षांश आणि तारे या पाचांची जबानी एकमेकांशी ताडून पाहिल्यावाचून निर्णय देऊ नये.

अक्षरे जपा

हा सर्व विचार ज्यावर उभा आहे, ती अक्षरे केसाएवढी बारीक असतात. जी. आर. के यांनी १९१८ साली जयसिंहांच्या वेधशाळांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, पुढे एस. आर. शर्मा यांनी भारतीय यंत्रांची विस्तृत वर्णनात्मक सूची सिद्ध केली. त्यांना हे लिहिता आले, कारण यंत्रांवरील अक्षरे शिल्लक होती. पितळ चिंचेने घासले की लखलखते, पण दर घासणीसरशी कोरीव ओळ उथळ होत जाते. एकदा सही गेली, की कारागीर, त्याचा बाप, आजा आणि गाव एकदमच नाहीसे होतात. म्हणून घरातील, देवळातील वा शाळेच्या कपाटातील एखाद्या जुन्या वस्तूवर न समजणारी अक्षरे दिसली, तर ती मोडीत घालू नये आणि घासूही नये. मऊ फडक्याने धूळ पुसावी, तिरप्या उजेडात छायाचित्र घ्यावे आणि जाणकारास दाखवावे. आपणांस ते लेखन वाचता आले नाही, तरी ते वाचणारा पुढे भेटू शकतो. अक्षरे मात्र तोवर टिकली पाहिजेत.