खासदाराच्या कार्यालयातील प्रशिक्षणार्थीचा दिवस

कोकण रेल्वेच्या नांदगाव रोड स्थानकावर एखादी गाडी थांबावी, हे गाऱ्हाणे दिल्लीत मांडायचे तर त्याला बहुधा संसदीय प्रश्नाचे रूप द्यावे लागते, आणि खासदाराच्या कार्यालयातील प्रशिक्षणार्थीचा अधिवेशनकाळातील बराचसा वेळ अशाच मसुद्यांत जातो.

लोकसभेत प्रश्नोत्तराच्या दिवशी २० तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना तोंडी उत्तर मिळून पुढे पूरक प्रश्न विचारता येतात असे प्रश्न, यादीत येतात; २३० अतारांकित प्रश्नांना केवळ लेखी उत्तर मिळते. क्रम सोडतीने ठरतो, त्यामुळे उत्तम मसुदाही मागे राहू शकतो.

संसदीय कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेची ‘लॅम्प’ पाठ्यवृत्ती तरुणांना हेच काम खासदारांसोबत शिकवते, आणि कोकणातील पदवीधरांनी ती अवश्य विचारात घ्यावी.