आठ बाय दहाची सुतारशाळा

घरच्या सुतारशाळेची जागा महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत आधीच ठरलेली असते: फ्लॅटची बंदिस्त गॅलरी, बंगल्यालगतची गाडीची शेड, गावाकडच्या घराची पडवी, एखादे तळघर किंवा अडगळीला दिलेली आठ बाय दहाची खोली. यांत पडवी सर्वांत चांगली आणि तळघर सर्वांत वाईट. पडवीत उजेड आणि वारा दोन्ही मिळतात. तळघरात पावसाळ्याचे चार महिने ओल हटत नाही आणि हत्यारांना गंज धरतो. गॅलरीत पावसाचे शिंतोडे आणि शेजारी असे दोन प्रश्न असतात. यांतला दुसरा अधिक अवघड. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल आहे. हातातले राउटर यंत्र चालू झाले की त्याच्याजवळच नव्वदीच्या पुढे आवाज होतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने म्हणूनच हातहत्यारांवर भर द्यावा आणि यंत्राची कामे दिवसाच्या ठरावीक तासाभरात उरकावीत.

जागेचे माप क्षेत्रफळात न काढता लांबीत काढावे. यंत्रावर फळी उभी चिरताना ती पात्याच्या मागे जेवढी लांब असते, तेवढीच कापून झाल्यावर पुढे येते. म्हणजे सहा फुटी फळीला बारा फुटांहून अधिक सरळ मोकळीक लागते. दहा फुटी खोलीत ती नसते. पण कापण्याची रेषा दाराच्या समोर धरली तर फळीचे टोक दारातून बाहेर जाऊ शकते आणि खोली आहे तेवढीच पुरते. आठ बाय चार फुटांचा प्लायवुडचा तक्ता मात्र अशा खोलीत आणण्याच्या फंदात पडू नये. मापे लिहून दिली तर बरेच विक्रेते तो मोठ्या यंत्रावर कापून देतात, आणि तो काप घरच्यापेक्षा सरळ येतो.

गावगाड्यातल्या सुताराला ही अडचण नव्हती. तो अंगणात किंवा झाडाखाली बसून काम करी, लाकूड तळपायाने दाबून धरी आणि वाकस, रंधा, पटाशी व सामता एवढ्यावर नांगरापासून दारांपर्यंत सारे घडवी. उभ्याने काम करायचा उंच बाक ही युरोपीय पद्धत. परदेशी पुस्तके आणि व्हिडिओ पाहून कामाला लागणारे लोक तो बाक अपरिहार्य धरून चालतात. तसा तो नाही. ज्याला मांडी घालून तासभर बसता येते, त्याला गॅलरीत सहा-सात इंच उंचीचा जाड पाट आणि त्याच्या टोकाला ठोकलेला अडसर एवढ्यावर छोट्या पेट्या, चौकटी, पाट आणि देव्हाऱ्याचे भाग करता येतात. गुडघे कुरकुरत असतील तर मात्र उभ्याचा बाक हवाच.

बाकाची उंची करणाऱ्याच्या शरीरावरून ठरते. सरळ उभे राहून हात सैल सोडले की मनगट जिथे येते, तिथपर्यंत बाक असावा. बहुतेकांना हे माप ३२ ते ३५ इंचांत बसते. त्याहून उंच बाकावर रंधा मारताना अंगाचा भार पडत नाही, खांदे दुखतात. चार-पाच फूट लांबी आणि दोन फुटांच्या आतली रुंदी छोट्या खोलीला पुरते. महत्त्व वजनाला आहे. रंध्याच्या धक्क्याने बाक सरकू लागला की फळीला रंधा नीट लागणे शक्य नाही. सागाचा जाड तक्ता परवडत नसेल तर १८ मिलिमीटरच्या प्लायवुडचे तीन थर गोंदाने आणि स्क्रूने एकमेकांवर बसवावेत. ५४ मिलिमीटरचा सपाट आणि जड माथा तयार होतो. पाय साध्या लाकडाचे चालतात, पण तीन बाय तीन इंचांहून बारीक नकोत. शिवाय खालच्या आडव्या पट्ट्यांवर एक फळी टाकून तिथे जड सामान ठेवले की बाक जागचा हलत नाही. डाव्या टोकाला एक वाईस बसवली की सुरुवातीला पुरे. डावखुऱ्याने ती उजवीकडे बसवावी.

हत्यारांची खरेदी हा सर्वांत मोहाचा भाग आहे. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि लोहार चाळ, पुण्यात बोहरी आळी इथे नवे हत्यार मिळते. पुण्याच्या जुन्या बाजारात जुने. जुने पाते अनेकदा नव्या स्वस्त पात्यापेक्षा चांगल्या पोलादाचे निघते. मात्र रंध्याचा तळ वाकलेला किंवा तडकलेला नाही ना, हे गुण्याची कड लावून, उजेडासमोर धरून पाहावे. वरवरचा गंज निघतो, खोल खड्डे पडलेले पाते मात्र सोडून द्यावे. पहिली यादी लहानच हवी: मेजरिंग टेप, पोलादी पट्टी, गुण्या, मार्किंग गेज, बारीक दातांची करवत, पाव, अर्धा आणि एक इंचाच्या पटाश्या, पाच नंबरचा लोखंडी रंधा, लाकडी हातोडा, कानस आणि चार शिकंजे. यांत पैसे वाचवू नयेत असे एकच हत्यार आहे, गुण्या. तो चुकीचा असेल तर पुढचे सगळे चुकते. त्याची परीक्षा सोपी आहे. सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून एक रेघ मारावी, मग तो उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारावी. दोन रेघा एकमेकींपासून फाकल्या तर गुण्या दुकानदाराला परत करावा. मापे एकाच पद्धतीत ठेवावीत, हेही तितकेच गरजेचे. बाजारातला सुतार इंच आणि सूत बोलतो, इंचाला आठ सूत. प्लायवुड मिलिमीटरमध्ये येते. दोन्हींची सरमिसळ झाली की कपाटाचा खण दोन सूत कमी भरतो आणि दोष मात्र लाकडाला दिला जातो.

नवशिक्यांची निम्मी निराशा बोथट पात्यातून येते. नवीन पटाशी दुकानातून येते ती कामाला तयार नसते. प्रथम तिची सपाट बाजू दगडावर घासून, धारेलगतचा इंचभर भाग आरशासारखा करावा लागतो. हे काम एकदाच, पण कंटाळवाणे असते. मग उतार सुमारे २५ अंशांत घासायचा आणि शेवटी पटाशी किंचित उचलून अगदी टोकाला ३० अंशांची बारीक कड द्यायची. पुढच्या वेळी एवढीच कड घासावी लागत असल्याने काम पाच मिनिटांत होते. घासताना सपाट बाजूला बोटाच्या पेराला लागेल अशी खरखरीत कोर उठते. ती धारेच्या पूर्ण रुंदीत उठली नसेल तर घासणे अपुरे आहे. ती उठल्यावर बारीक दगडावर दोन्ही बाजू आळीपाळीने हलक्या हाताने फिरवून कोर काढायची आणि शेवटी पॉलिशची पेस्ट लावलेल्या चामड्यावर पटाशी मागे ओढायची. धार लागली का हे अंगठ्यावर तपासू नये. मऊ लाकडाच्या आडव्या कापावर, म्हणजे फळीच्या टोकाला, पटाशी ढकलावी. काप चकचकीत आला तर धार लागली, भुगा पडला तर नाही. सागात नैसर्गिक वालुकांश असल्याने तो धार लवकर खातो. म्हणून दगड कपाटात नको, बाकावर हाताशी हवा, पाण्याच्या बाटलीसह.

यंत्रांत पहिला क्रमांक बॅटरीवरच्या ड्रिलचा आणि दुसरा हातातल्या गोल करवतीचा. इथे एक धोक्याची प्रथा नोंदवायला हवी. इमारतींच्या कामावर लाकूड कापण्यासाठी सर्रास चार इंची मार्बल कटर वापरले जाते; काही जण तर ग्राइंडरलाच दातेरी पाते लावतात. मार्बल कटर फरशीसाठी आहे. त्यात लाकडासाठीचे नीट झाकण नसते आणि पाते अडकले की यंत्र हातातून मागे उसळते. ग्राइंडरला दातेरी पाते लावायला तर अनेकदा मूळ झाकणच काढावे लागते. त्या यंत्राने बोटे गमावलेले कारागीर शोधायला फार लांब जावे लागत नाही. लाकडासाठीची गोल करवत थोडी महाग पडते, पण तिचे खालचे झाकण काप संपताच आपोआप मिटते. फिरत्या पात्याजवळ हातमोजे, लांब बाह्या आणि लोंबती ओढणी नको. मोज्याचा धागा अडकला तर तो हातालाही सोबत नेतो.

दीड हजार वॉटची करवत २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. घरातल्या सहा अँपिअरच्या बोर्डावर ती लावणे चूक. बाकाजवळ १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, जाड तारेची एक्स्टेन्शन आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारी आरसीसीबी इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावी. दिवा डोक्यामागे नसावा, नाहीतर आखलेल्या रेघेवर स्वतःचीच सावली पडते. उजवा हात चालवणाऱ्याने एक दिवा डावीकडून घ्यावा.

धुळीकडे आपल्याकडे दुर्लक्ष होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. दिसणारा भुसा फारसा घातक नसतो. सँडिंग यंत्रातून उडणारी, न दिसणारी बारीक धूळ तासन्‌तास हवेत राहते. शिसव आणि साग यांच्या धुळीने काहींच्या अंगावर पुरळही उठते. तोंडाला बांधलेला रुमाल इथे निरुपयोगी आहे. एन-९५ मास्क, यंत्राला जोडलेला व्हॅक्यूम आणि काम संपल्यावर ओल्या फडक्याने पुसणे, एवढे पाळावे. झाडूने झाडणे म्हणजे बसलेली धूळ पुन्हा उठवणे.

लाकूड बाजारात घनफुटावर मिळते. रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत घेऊन गुणाकार करावा आणि १४४ ने भागावे. आठ इंच रुंद, दीड इंच जाड, सहा फूट लांब फळी अर्धा घनफूट भरते. दीड इंची खडबडीत फळी रंधून सव्वा इंचाच्या आसपास उरते, हे हिशेबात धरावे. व्यापारी ज्याला सी. पी. टीक म्हणतात तो जुन्या मध्य प्रांताचा, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूचा साग. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारशाहहून गेले ते हेच लाकूड. हात बसेपर्यंत ते वाया घालवू नये. पॅकिंगच्या खोक्यांचे पाइन स्वस्त पडते. त्यावर एचटी असा शिक्का असेल तर ते उष्णतेने निर्जंतुक केलेले असते आणि घरात वापरता येते. एमबी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला असतो, ते टाळावे. पाडलेल्या वाड्यांचा जुना साग उत्तम वाळलेला असतो. फक्त रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरवून आतले खिळे शोधावेत. सागात गडद गाभ्याला कीड सहसा लागत नाही, कडेचा पांढुरका भाग मात्र ती पोखरते. म्हणून पांढरा भाग जास्त असलेली फळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

फळ्या जमिनीपासून सहा इंच वर, आडव्या ठेवाव्यात. दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालाव्यात, आणि वरची पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर वर यावी. नाहीतर फळी लाटेसारखी वाकते. टोकांना रंगाचा हात दिला तर ती फाटत नाहीत. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलते. कोकणच्या श्रावणात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर असते, तेव्हा लाकडातला ओलावा १७-१८ टक्क्यांकडे जातो. मराठवाड्याच्या एप्रिलात तो सहा-सात टक्क्यांपर्यंत उतरतो. ओलाव्यात चार टक्क्यांचा फरक पडला तरी एक फूट रुंद सागाची फळी सुमारे दोन मिलिमीटर फुगते किंवा आखडते. टेबलाचा माथा चौकटीला चारही बाजूंनी चिकटवून टाकला तर तो फाटतो. माथ्याला लंबगोल भोकांतून स्क्रू लावावेत आणि दाराची मधली फळी खाचेत मोकळी ठेवावी. कपाट कोरड्या दिवसांत केले असेल तर खणांना दीड-दोन मिलिमीटर जागा सोडावी, नाहीतर जुलैत ते उघडत नाहीत.

भिंतीवरच्या मांडणीत एक सोपी युक्ती आहे. प्लायवुडच्या पट्ट्या ४५ अंशांत चिरून निम्म्या भिंतीला तिरपी कड वर ठेवून ठोकाव्यात, उरलेल्या हत्यारांच्या फळ्यांना उलट्या लावाव्यात. फळी नुसती वरून अडकते आणि हवी तेव्हा सरकवता येते. वारंवार लागणारे हत्यार बाकापासून हात पुरेल एवढ्याच अंतरावर असावे. दोन्ही पावले हलवावी लागली तर जागा चुकली. स्क्रू आणि खिळे पारदर्शक बरण्यांत ठेवावेत. कामातून उरलेले तुकडे ठेवायला एकच खोके ठेवावे आणि ते भरले की जास्तीचे बंबात जाळावे. ही शिस्त नसेल तर वर्षभरात खोली गोदाम बनते.

मृग लागण्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, प्रत्येक लोखंडी पृष्ठभागाला शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्यावा. रंधा पट्टीवर टेकून ठेवावा, लोखंड थेट फरशीवर नको. चपडा लाखेचे पॉलिश पावसाळ्यात करू नये. दमट हवेत त्यावर पांढरट झाक येते. जवसाचे तेल वर्षभर चालते, पण त्याने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर वाळताना त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या दोरीवर मोकळ्या पसरून पूर्ण वाळू द्याव्यात किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात, आणि त्यानंतरच कचऱ्यात टाकाव्यात.