प्रश्नावली घेऊन गावात जाणारी मुले

शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यावर प्रसिद्ध झालेल्या संशोधनातील आकडे आपण परिषदांमध्ये पडद्यावर पाहतो. ते आकडे गोळा करणारा मात्र क्वचितच कोणी प्राध्यापक असतो. समाजकार्याच्या किंवा मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील एखादी बावीस-तेवीस वर्षांची मुलगी खांद्याला पिशवी अडकवून बसमधून उतरते, पारावर बसलेल्यांना पत्ता विचारते, आणि मग कोठे त्या तक्त्यातील पहिला चौकोन भरतो. बेळगाव परिसरातील अशा विद्यार्थी-साहाय्यकांना क्षेत्रकार्यासाठी तयार करण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे आहे. त्यांच्याविषयी, आणि त्यांच्या निमित्ताने आपल्या व्यवसायबंधूंविषयी, चार शब्द लिहावेत असे वाटले.

या मुलांची गरज का पडते, हे जाणकार वाचकांना सांगावयास नको. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात शेतीशी संबंधित ११,२९० आत्महत्यांची नोंद आहे. त्यांत ५,२०७ शेतकरी, तर ६,०८३ शेतमजूर. म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा नाही, कर्जमाफीच्या यादीतही ज्याचे नाव येणार नाही, त्याची संख्या अधिक. राज्यांच्या क्रमवारीत महाराष्ट्र पहिला व कर्नाटक दुसरा. आपण या दोहोंच्या सीमेवर राहतो. २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झाले, परंतु त्यांत ही दोन्ही राज्ये नव्हती. नैराश्य, चिंता यांसारख्या सर्वसाधारण मनोविकारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत, असे त्या सर्वेक्षणात आढळले. ही माणसे आपल्या दवाखान्यात येत नाहीत असे नव्हे. ती गुडघे, पित्त आणि चक्कर घेऊन येतात. पांढरा कोट समोर असला की मनाचे बोलणे सुचत नाही. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या पोरीपुढे मात्र ते सुचते.

मुलांच्या हाती साधारणतः नऊ प्रश्नांची प्रश्नावली असते. क्रोएन्के, स्पिट्झर व विल्यम्स यांनी २००१ साली तिचा विस्तृत पडताळा प्रसिद्ध केला. गेल्या दोन आठवड्यांतील मनःस्थितीविषयी नऊ प्रश्न, प्रत्येकास शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा अधिक झाले की तपासणीची गरज मानावयाची. तिची मराठी व कन्नड रूपांतरे उपलब्ध आहेत. कागदावर हे दहा मिनिटांचे काम. गावात त्याला तास लागतो, आणि लागावा असेच माझे मत आहे.

झोपेचाच प्रश्न घ्या. ‘‘झोप लागत नाही का?’’ असे विचारले, तर उसाच्या गावातील निम्मे शेतकरी ‘‘लागत नाही’’ म्हणतील, कारण पंपाची वीज रात्री येते आणि पाण्याची पाळी धरावयाची असते. म्हणून आमची मुले आधी विचारतात, ‘‘मामा, या आठवड्यात वीज रात्रीची का दिवसाची?’’ नंतर विचारतात की पाणी पाजून आल्यावर, अंथरुणाला पाठ टेकल्यावर, डोळा लागतो की आढ्याकडे पाहत पडता? या दुसऱ्या उत्तरातच खरी माहिती असते. भुकेच्या प्रश्नाचेही तसेच. श्रावणात तो जपून विचारावा लागतो.

भाषेचा घोटाळा तर या सीमाभागाचा खासच. ‘नैराश्य’ हा शब्द गावात कोणी उच्चारत नाही. ‘मन लागत नाही’, ‘जीव रमत नाही’, ‘डोक्याला ताप’, आणि सर्वांवर मात करणारा ‘टेन्शन’. त्यात ‘बेजार’ हा शब्द दोन्ही भाषांत चालतो, पण एका अर्थाने नव्हे. मराठी माणूस बेजार होतो तेव्हा तो त्रासलेला, जेरीस आलेला असतो. कन्नड माणसाला बेजार वाटते तेव्हा तो उदास, विटलेला असतो. एकाच गल्लीत दोन घरी हा शब्द ऐकून एकच गुण देणारा साहाय्यक दोन निराळ्या माणसांना एक करून टाकतो. असे बारकावे संगणकापुढे बसणाऱ्याच्या ध्यानात येत नाहीत. ते वहीच्या समासात टिपून आणतात ती ही मुलेच.

आणखी एक अडचण एकांताची. खेड्यातील घर कधी रिकामे नसते. सुनेला प्रश्न विचारला तर उत्तर सासूबाई देतात, आणि तेही, ‘‘तिला काय धाड भरलीया?’’ असे. यावर मुलांनीच युक्ती काढली. दोघी मिळून जातात. एक सासूबाईंजवळ बसून जमीन, पीक व कर्जाचा भाग भरते. दुसरी सुनेबरोबर परसात जाते. सासूबाईंचा भाग लवकर संपत नाही, याची काळजी पहिली घेते.

नवव्या प्रश्नासाठी मात्र युक्ती नाही. मरून गेलेले बरे, किंवा स्वतःला इजा करून घ्यावी, असे विचार मनात येतात का, असा तो प्रश्न. नवखी मुले येथे आवाज खाली घेतात, कागदात डोळे घालतात, किंवा ‘‘तसलं काही नाही ना?’’ असे विचारून उत्तर स्वतःच सुचवितात. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही भीती निराधार आहे, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. ज्येष्ठ डॉक्टरांनाही सांगावे लागते, हे नमूद केलेले बरे. उत्तर होकारार्थी आले की प्रश्नावली बाजूला राहते. विचार किती वेळा येतो, काही ठरविले आहे का, घरात कीटकनाशक कोठे ठेवले आहे, हे विचारावयाचे. त्या माणसास एकटे सोडावयाचे नाही. मार्गदर्शकाला तेथूनच दूरध्वनी करावयाचा आणि त्याच दिवशी डॉक्टरांची गाठ घालून द्यावयाची. जिवाला धोका दिसल्यास माहिती गुप्त राहणार नाही, हे संमती घेतानाच सांगितलेले असते.

घरच्यांना पोलिसांची धास्ती असते. ‘‘फवारताना वारं लागलं’’ असे सांगून विषप्राशन झाकण्याची रीत आपण सर्वांनी पाहिली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ ने अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असे गृहीत धरले, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम त्या रूपात राहिलेले नाही. ही बातमी गावात पोहोचविण्याचे कामही मुलेच करतात.

कीटकनाशकाच्या डब्याला कुलूप लावा, असा सल्ला आपण सर्रास देतो. श्रीलंकेत १८० गावांत कुलपाच्या पेट्या वाटून याची परीक्षा झाली व निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले: विषप्राशनाचे प्रमाण घटले नाही. त्याच देशात अतिविषारी औषधांवर बंदी घातल्यावर मात्र मृत्यू स्पष्टपणे कमी झाले. तेव्हा कुलपाचा सल्ला द्यावा, पण त्यावर विसंबू नये.

संध्याकाळी परतल्यावर अर्धा तास सर्वांनी एकत्र बसावयाचे, हा आमचा नियम. त्यात आकड्यांविषयी बोलणे नाही. ज्या मुलांना आपण ‘साहाय्यक’ म्हणतो त्यांतील बरीचशी शेतकऱ्यांचीच मुले असतात, आणि ती परक्या घरात बसून स्वतःच्या घरचे ऐकत असतात. निपाणी भागातील तंबाखू पिकविणाऱ्या घरची एक मुलगी अशाच एका बैठकीत बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, ‘‘सर, हे नऊ प्रश्न मी आमच्या अप्पांना विचारले तर चालेल?’’ मी म्हटले, ‘‘तू नको. आपण दुसऱ्या कोणाला पाठवू.’’ पाठविलेही. त्यापुढील हकिगत माझी नाही, म्हणून सांगत नाही.

गावकरी एक प्रश्न हमखास विचारतात: ‘‘बाळ, एवढं लिहून घेतलंस, आता पुढं काय?’’ त्याचे उत्तर विद्यार्थ्याजवळ नसते. ते आपल्याजवळ असावयास हवे. ते शक्य आहे, हे अमरावती जिल्ह्यातील ‘विश्राम’ उपक्रमाने दाखविले. ३० गावांत, गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या साहाय्याने, नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आपल्या राज्यात बळ्ळारी जिल्ह्याचा प्रयोग तर १९८५ पासूनचा; त्यावरूनच १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे, तो मुले प्रत्येक घरी लिहून देतात. परंतु दूरध्वनी ठेवल्यानंतर नाडी पाहणारा कोणीतरी जवळ लागतो.

यंदा भाताची सुगी आटोपल्यावर मुले प्रथम खानापूरच्या गावांत जातील. हुक्केरी व चिकोडीकडे ऊसतोड उरकल्यावर, कारण त्याआधी तेथे दिवसा घरी कोणी सापडत नाही. या भागांत व्यवसाय करणाऱ्या सभासदांनी, मुलांनी पाठविलेल्या रुग्णांना आठवड्यातील कोणत्या दुपारी, रांगेत न बसविता, अर्धा तास देता येईल, ते कार्यवाहांना कळवावे. वार आणि वेळ एवढेच पुरे. ते चिठ्ठीवर छापून मुलांच्या पिशवीत ठेवले जाईल.