‘रासोनार’ : तर्काच्या मुळाशी हिशेब

स्पॅनिश ही स्पेनसह 20 देशांच्या राजव्यवहाराची भाषा आहे. मेक्सिको, कोलंबिया, पेरू, चिली येथील बाजारपेठांशी संबंध जोडू इच्छिणाऱ्या व्यापाऱ्याला तिची तोंडओळख उपयोगी पडते. अभिवादनाचे आणि भाव विचारण्याचे शब्द लवकर अंगवळणी पडतात. कसोटी लागते ती आपले म्हणणे कारणांसह मांडताना.

त्यासाठीचे क्रियापद आहे ‘रासोनार’. स्पेनच्या बहुतेक भागात त्याचा उच्चार ‘राथोनार’ असा होतो. त्याची रूपे नियमित आहेत : ‘मी’साठी रासोनो, ‘तू’साठी रासोनास, आदरार्थी ‘आपण’साठी रासोना, ‘आम्ही’साठी रासोनामोस. मराठीत ‘जातोस’ म्हटले की कर्ता ‘तू’ आहे हे कळते, तसेच येथेही क्रियापदाच्या प्रत्ययावरून बहुधा कर्ता समजतो. तेथील प्रश्नपत्रिकांत ‘रासोने सु रेस्पुएस्ता’ अशी सूचना आढळते. आपल्याकडील ‘सकारण उत्तर लिहा’ तीच ही.

या क्रियापदामागचे नाम ‘रासोन’ हे लॅटिन ‘रातिओ’ या शब्दापासून आले. रोमन व्यवहारात ‘रातिओ’ म्हणजे गणना, जमाखर्चाचा हिशेब. कारण, तर्क, विवेक हे अर्थही त्यालाच लाभले. व्यापाराशी असलेले ते नाते स्पॅनिशमध्ये आजही टिकून आहे. ‘आ रासोन दे’ म्हणजे ‘अमुक दराने’, तर बीजकावरील ‘रासोन सोसियाल’ म्हणजे पेढीचे अधिकृत नाव.

‘तुमचे म्हणणे बरोबर आहे’ यासाठी स्पॅनिश माणूस ‘तुमच्याजवळ रासोन आहे’ असे म्हणतो. दुसऱ्याचे म्हणणे पटले की तो त्याला रासोन ‘देतो’. हा वाक्प्रचार ‘दार ला रासोन’. मराठीत वादाच्या भरात याच कृतीला ‘माघार घेणे’ म्हटले जाते. माघारीत पराभवाची बोच असते, देण्यात ती नसते.

नवशिक्याने एक सावधगिरी बाळगावी. ‘दिस्कुतिर’ या क्रियापदाचा अर्थ चर्चा करणे असा होतो, तसाच वाद घालणे, भांडणे असाही होतो. ग्राहकाला लिहिताना ‘बोलणे’ या अर्थाचे साधे ‘आब्लार’ वापरणे अधिक सुरक्षित.

जैन न्यायपरंपरेचा या भाषेशी ऐतिहासिक संबंध नाही. परंतु जैन वाचकाला येथे स्याद्वाद आठवल्यावाचून राहणार नाही. ‘स्यात्’ हे रूप संस्कृत ‘अस्’ धातूच्या विधिलिङासारखे दिसते. आचार्यांनी मात्र ते निपात मानून ‘कथंचित्’, म्हणजे एका विशिष्ट अपेक्षेने, असा त्याचा अर्थ केला. त्यात संशय अभिप्रेत नाही. आपले विधान कोणत्या दृष्टीने खरे आहे, हे सांगण्याची शिस्त त्यात आहे. ही शिस्त पाळणाऱ्याला समोरच्याच्या विधानातील सत्यांशही मान्य करावा लागतो.

भागीदारी मोडते किंवा भावाभावांत वाटणीचा प्रश्न उभा राहतो, तेव्हा वह्यांतील आकडे बहुधा जुळतात. अडते ते ‘बरोबर कोण’ या प्रश्नापाशी. अशा बैठकीत प्रत्येकाने आपले कारण हिशेबाप्रमाणे कलमवार मांडावे आणि दुसऱ्याचे जे कलम खरे असेल ते त्याच्या खाती जमा करावे. वडीलधाऱ्यांनी याचा आरंभ स्वतःपासून केला, तर धाकट्यांना तसे करण्यात कमीपणा वाटणार नाही.