हुकमाची ताबेदार

बंगळूरातील कृष्णराजपुरमच्या रेल्वे स्थानकालगत जुन्या मद्रास रस्त्याची वाहतूक रुळांवरून पलीकडे नेणारा जो पूल २००३ साली खुला झाला, आणि ज्याला तेथील कानडी माणूस ‘तूगु सेतुवे’ म्हणजे झुलता पूल म्हणतो (वस्तुतः तारांनी तोलून धरलेला तो पूल तसूभरही झुलत नाही), त्याच्या अलीकडे, टिन फॅक्टरीच्या चौकात, एका सायंकाळी मी रिक्षात पाऊण तास बसून काढला. २०२३ च्या ऑक्टोबरात मेट्रोचा जांभळा मार्ग येथवर अखंड जोडला गेला असता रिक्षा करण्याचा हट्ट सर्वस्वी माझाच होता, तेव्हा तक्रारीस जागा नव्हती. मांडीवर पुठ्ठ्याची एक पेटी होती, आणि भाच्याच्या सांगण्यावरून सदर पत्रप्पा रस्त्याच्या बाजारातून आणलेली, वीतभर लांबीची, बॅटरीवर चालणारी आणि बिनतारी हुकमाने वळणारी एक जीप तीत होती. तिचा वेग भरभर चालणाऱ्या माणसाइतका. म्हणजे त्या घटकेस तिला खाली सोडली असती, तर त्या चौकातील समस्त वाहनांत तीच आधी घरी पोहोचली असती.

आमच्या पिढीस ठाऊक असलेली खेळण्यातली मोटर दोन जातींची. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी गाडी दोरी बांधून ओढावी लागे, आणि पत्र्याची चावीची गाडी एकदा सुटली की भिंतीवर आदळेपर्यंत स्वतःच्या मर्जीने धावे. एक केवळ परतंत्र, तर दुसरी केवळ स्वैर. एकास चोवीस प्रमाणाची ही जीप या दोहोंहून निराळी आहे, कारण ती चालते स्वतःच्या बळावर, पण दुसऱ्याच्या इच्छेने. सरकारी नोकरीत ज्याची हयात गेली त्याला हा संबंध समजण्यास कष्ट पडत नाहीत. पेटीतून काढून तळहातावर घेतली तेव्हा प्रथम जाणवला तो तिचा अनपेक्षित जडपणा, मग नव्या रबराचा उग्र वास, आणि मग चार चाकांच्या चार स्प्रिंगा, ज्या बोटाने दाबल्या असता खऱ्या गाडीप्रमाणे सावकाश वर येत होत्या. मागे लटकवलेले जादा चाक पाहून मात्र मला हसू आले, कारण ते बदलावयास कोण खाली उतरणार होते?

हुकूम देण्याचे साधन म्हणजे पिस्तुलाच्या आकाराचा रिमोट. तर्जनीखालचा घोडा ओढला की गाडी पुढे, बाहेर ढकलला की मागे. उजव्या हाताचे लहानसे चाक फिरविले की दिशा बदलते. आत जे घडते ते मात्र कचेरीच्या भाषेतच नीट सांगता येईल. दिशा वळविणाऱ्या सर्वो नामक यंत्रास सेकंदाला साधारण पन्नास वेळा विजेचा एकेक स्पंद पोहोचतो. तो दीड सहस्रांश सेकंद टिकला तर ‘सरळ’, एकाकडे घटला तर एक बाजू, दोनाकडे वाढला तर दुसरी. सर्वो हुकूम घेऊन स्वस्थ बसत नाही. आपण आहोत कोठे आणि असावयास हवे कोठे, यांतील अंतर तो स्वतःच तपासतो आणि ते शून्य होईतो मोटर फिरवीत राहतो. असा कारकून मला तीस वर्षांच्या नोकरीत एकही लाभला नाही.

भाच्याच्या घरापासून दूरवाणीनगर जवळ आहे. स्वतंत्र भारताचा पहिला सरकारी कारखाना, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, १९४८ साली तेथेच उभा राहिला, आणि देशभरच्या टेबलांवरची काळी टेलिफोन-यंत्रे येथून गेली. पण त्या दूरवाणीला तार लागे. त्याही आधी, हे शहर शहाजीराजांची जहागीर असताना, विजापूर दरबारचा हुकूम येथवर यावयाचा तो जासुदाच्या पायांनी. तारेवाचून आज्ञा पाठविण्याची विद्या त्यामानाने कालची आहे: १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलात जगदीशचंद्र बोसांनी भिंतींपलीकडून घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली, १८९८ साली न्यूयॉर्कला निकोला टेस्लाने हौदातली नौका दुरून वळवून दाखविली. खेळण्यांच्या दुकानात ती उतरावयास पुढे बराच काळ लागला. १९७६ साली जपानच्या तामिया कंपनीने पोर्शे ९३४ ची एकास बारा प्रमाणाची विजेवरची गाडी विक्रीस काढली, तेव्हा तपशिलात खोट राहू नये म्हणून कंपनीने पोर्शेची खरीखुरी गाडी विकत घेऊन तिचे सांधे सुटे केले होते.

आमच्या लहानपणी घरात रेडिओ ठेवावयाचा तर टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे, आणि वडील ती परवान्याची पुस्तिका दस्तऐवजांच्या पेटीत जपून ठेवीत. म्हणून या जीपला परवाना कोणता, असे मी भाच्यास विचारले. “मामा, लागत नाही,” तो म्हणाला, आणि त्याचे बरोबर होते: २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांस केंद्र सरकारने २००५ सालीच परवान्यातून मुक्त केले आहे. पूर्वीच्या २७ मेगाहर्ट्झच्या गाड्यांत एकाच कंप्रतेच्या स्फटिकाचे दोन रिमोट मैदानात आले, की एकाच्या हुकमाने दुसऱ्याची गाडी पळे. आता रिमोट आणि गाडी यांचा आधी ‘बाइंड’ नावाचा करार होतो, आणि मग गाडी परक्याची आज्ञा ऐकत नाही.

परंतु मला खरोखर गुंतवून टाकले ते तिच्या लहानपणाने. लांबी चोवीस पटींनी घटली, तर वजन चोविसाच्या घनाने, म्हणजे तेरा हजार आठशे चोवीस पटींनी घटावे; अठराशे किलोंची जीप या हिशेबाने एकशेतीस ग्रॅमच भरावी. स्वयंपाकघरातील काट्यावर ही दुपटीहून अधिक भरली. तरीही ती टेबलावरून पडली, आणि ते टेबल तिच्या दृष्टीने सहामजली इमारतीएवढे असता, कुशीवरून उलटून ती पुन्हा चालू लागली. गाडी लहान झाली तरी गुरुत्वाकर्षण लहान होत नाही, म्हणून तिचे पडणे, हेलकावणे, उसळणे हे सारे खऱ्या गाडीपेक्षा सुमारे पाचपट घाईचे दिसते. चित्रपटवाले लहान प्रतिकृतींचे अपघात जलद टिपून सावकाश दाखवितात, त्याचे इंगित हेच.

भाच्याच्या इमारतीच्या आवारात बांधकामातून उरलेला खडीचा ढीग आणि त्याशेजारी गुडघाभर उंचीचा एक शिलाखंड पडला आहे. बंगळूरच्या पोटातला हा नाइस खडक. लालबागेतील त्याचाच भाऊबंद तीनशे कोटी वर्षांचा मानतात. त्या वृद्धाच्या पाठीवर जीप चढू लागली. वेगाच्या गाडीत वळताना बाहेरचे चाक अधिक फिरावे म्हणून डिफरन्शियल असते. या खडक चढणाऱ्या जातीत ते नसते, दोन्ही चाके एकाच आसाला जखडलेली असतात. त्यामुळे सपाट फरशीवर ती वळताना चाके घासतात आणि वळसा मोठा पडतो. पण एक चाक अधांतरी राहिले तरी दुसरे ढकलणे सोडत नाही. तिसऱ्या प्रयत्नात ती माथ्यावर पोहोचली. त्या रात्री बॅटरी गाडीतच जोडलेली राहिली, आणि सकाळी ती पापडासारखी फुगलेली आढळली. लिथियमच्या दोन घटांच्या त्या ७.४ व्होल्टच्या बॅटरीतील प्रत्येक घट तीन व्होल्टच्या खाली उतरू द्यावयाचा नसतो, हे पुस्तिकेत छापलेले होते. मी वाचले नव्हते, इतकेच.

नवी बॅटरी आली, पण माझी खरी फजिती निराळीच होती. गाडी दूर जाताना डावे ते डावे असते. तीच तोंड फिरवून माझ्याकडे येऊ लागली की माझे डावे तिला उजवीकडे नेते. पस्तीस वर्षे खरी मोटर हाकलेल्या माझ्या हातांना हे काही केल्या उमगेना, आणि जीप दर वेळी तुळशीच्या कुंडीवर जाई. रखवालदाराचा सहा वर्षांचा मुलगा बराच वेळ पाहत उभा होता. “ताता, कोडी,” म्हणजे आजोबा, द्या, म्हणून त्याने हात पुढे केला. रिमोट घेताच तो फरशीवर पालथा पडला, गाल जमिनीला टेकवला, आणि जीप तोंड वळवील तसा स्वतःही सरपटत वळू लागला. तिच्या मागच्या जादा चाकामागे त्याचा चेहरा सतत राहिला, आणि ती कुंडीला वळसा घालून, खडीवरून, शिळेच्या पायथ्याशी गेली. माझे गुडघे त्या आसनास अनुकूल नाहीत. मी पायरीवर बसलो, मान शक्य तितकी खाली झुकविली, आणि मग शिळेचा माथा जीपच्या टपावर आभाळाएवढा दिसू लागला.