विश्रांती आणि धावपळ : रविवारी घरात कोण बसतं?

आसनगावात या विषयावर बोलताना एक बरं आहे, धावपळ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. इथून सीएसएमटी दोन तासांच्या आसपास. जाऊन-येऊन चार तास गाडीत, आणि एक लोकल चुकली की ताटकळत उभं राहायचं. सोमवार ते शनिवार असे जातात. मग येतो रविवार. उपासना, साठलेले कपडे, आठवड्याची भाजी, पाहुणे, संध्याकाळी तरुण संघाची सभा. आणि कुठे जायचं ठरवलं, तर मेगाब्लॉक! मेगाब्लॉकला आपण सगळेच नावं ठेवतो. पण रूळ आणि वायर नीट राहायची तर गाड्या काही तास थांबवाव्याच लागतात. मात्र गाड्या थांबल्या तरी रुळावर काम करणारा माणूस त्या दिवशी थांबलेला नसतो. त्याला लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

विश्रांतीवर संदेश द्यायचा म्हटलं की आपण लूकच्या १० व्या अध्यायातली मार्था काढतो. मरिया प्रभूच्या चरणांशी बसली, मार्था कामात गुंतली, प्रभूने मार्थेला समजावलं. संदेश संपतो, आणि बहिणी उठून थेट प्रीतिभोजनाच्या पातेल्यांकडे जातात. मार्थेवरचा संदेश ऐकून स्वयंपाकाला! मी स्वतः कित्येक वर्षं तसंच बोलत आलो. एकदा एका मावशींनी मला गाठून विचारलं, "पाळकसाहेब, सगळंच खरं. पण त्या दिवशी ते सगळे जेवले काय?" मला उत्तर देता आलं नाही.

घरी जाऊन तो भाग पुन्हा वाचला. प्रभू मार्थेला स्वयंपाकाबद्दल रागावलेला नाही. तिचा जीव किती ठिकाणी ओढला जातोय, हे तो बोलतो. आणि तिची तक्रार काय? बहिणीने सगळं माझ्या एकटीवर टाकलं. कामाची तक्रार नाही ती, एकटीवर पडण्याची आहे. हे मला पूर्वी दिसलं नव्हतं, कारण मी कायम बसलेल्यांच्या बाजूने वाचत होतो.

आता शब्बाथाची आज्ञा पाहू. ती दोन ठिकाणी येते आणि दोन्हीकडे कारण वेगळं आहे. निर्गमच्या २० व्या अध्यायात कारण सृष्टीचं : देवाने सहा दिवस काम केलं, सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादच्या ५ व्या अध्यायात कारण मिसरचं : तुम्ही तिथे गुलाम होता. म्हणून तुमच्या दासाला, दासीलाही तुमच्यासारखाच विसावा मिळाला पाहिजे. बैल आणि गाढवसुद्धा त्या यादीत आहेत. घाटावर पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्या शेतकऱ्याला ही आज्ञा लगेच कळेल. म्हणजे आज्ञा फक्त थकलेल्याला "थांब" म्हणत नाही. ज्याच्या हातात दुसऱ्याचं काम आहे, त्याला ती "थांबू दे" म्हणते.

आपल्या कोकणात बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली. शनिवारी गिऱ्हाईक परत जात असेल, तोटा होत असेल, पण शेजाऱ्यांना त्यांची ओळख पटली ती या बंद घाण्यावरून.

आणि आपला रविवार? पुष्कळांना वाटतं, तो इंग्रज साहेबाने चर्चसाठी दिला. साहेबाला तो होताच. मुंबईच्या गिरणी कामगाराला मात्र भांडून घ्यावा लागला. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. मागण्या होत्या आठवड्यातून एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर. रविवार मिळायला १० जून १८९० उजाडला. रविवार हा खंडोबाचा वार, असाही मुद्दा त्यांनी मांडल्याचं सांगतात. ज्या दिवशी आपण शांतपणे उपासनेला बसतो, तो दिवस इथल्या मजुराच्या पदरात एका सत्यशोधकाने पाडला, हे ख्रिस्ती माणसाने नम्रपणे आठवावं.

आता शहापूर-मुरबाडच्या वीटभट्ट्यांवर या. पावसाळा संपला की कातकरी कुटुंबं उचल घेऊन भट्टीवर जातात. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने. एक दिवस बसलं की तेवढ्या विटा कमी, उचल फिटायची राहते. त्या बाईला मी "प्रभूवर भार टाक आणि विसावा घे" एवढंच सांगून परत आलो, तर मी अर्धीच आज्ञा सांगितली. उरलेली अर्धी भट्टीमालकाला सांगायची आहे. आणि आपल्यापैकी जे घर बांधताहेत, त्यांनाही. विटा आपल्याच घराला लागतात.

मग करायचं काय? आमच्या मंडळीत आम्ही महिन्यातून एका रविवारी प्रीतिभोजनाचा स्वयंपाक पुरुषांवर सोपवला. पहिल्या वेळी भात खाली लागला आणि वाढायला दीड वाजला. बहिणी बसल्या होत्या, पण निम्म्यांचं लक्ष चुलीकडेच! बसायचीही सवय करावी लागते, हे तेव्हा कळलं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्यांची प्रार्थना लांबू लागली आणि भातही बरा होऊ लागला.

शेवटी एका बहिणीने प्रश्न विचारला. ती नर्स आहे, रविवारीही ड्यूटी लागते. "मी आज्ञा मोडते का?" नाही, ताई. शब्बाथ दिवशी प्रभूने रोगी बरे केले. रुळावरच्या त्या माणसाचंही तुमच्यासारखंच आहे. त्याला दुसरा वार मिळतो का, हे विचारायचं काम आमचं. तुम्ही मार्कचा ६ वा अध्याय वाचा. शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, म्हणून प्रभू त्यांना घेऊन एकांतात निघाला. होडी पोहोचायच्या आधीच लोक किनाऱ्यावर हजर! सुट्टी बुडाली. त्याला लोकांचा कळवळा आला, त्याने शिकवलं, पाच हजार पुरुषांना जेवू घातलं. पण नंतर काय केलं ते बघा. शिष्यांना होडीत बसवून पुढे पाठवलं, लोकांना निरोप दिला आणि स्वतः डोंगरावर प्रार्थनेला गेला. तुमची सुट्टी बुधवारी येते ना? मग बुधवारी घरच्यांना आधीच सांगून ठेवा, आज चहा तुम्ही करा.